तत्त्वज्ञानाच्या निबंधात सर नेमकं काय पाहतात?

धुऱ्यावरची (दारव्हा तालुका):
नमस्कार. बी.ए. तिसऱ्या वर्षाला आहे. 'ज्ञान म्हणजे काय?' यावर निबंध होता. प्लेटोपासून कांटपर्यंत सगळ्यांची मतं लिहिली, नऊ पानं झाली. सरांनी परत दिला, खाली एकच ओळ : 'यात तुझं म्हणणं कुठे आहे?' आठ दिवसांत पुन्हा द्यायचा आहे. गाईडशिवाय कधी लिहिलं नाही जी. काय करू?

निवृत्त मास्तर (वर्धा):
बेटा, मी आयुष्यभर असे निबंध तपासले. आधी एकच शोधायचो : पोरगी कोणत्या एका विधानाच्या पाठीशी उभी आहे, आणि का. ते पहिल्या परिच्छेदातच सापडलं की पुढचं वाचायला हुरूप येई. 'अनादी काळापासून मानवाला प्रश्न पडला' वगैरे सरळ खोड.

दुसरं, माझ्या लेखी सगळ्यात मोठं : पूर्वपक्ष, म्हणजे उत्तर देण्याआधी विरोधकाचं म्हणणं मांडणं. वेद-परलोक न मानणाऱ्या चार्वाकांचे बहुतेक ग्रंथ हरवले; त्यांचं म्हणणं आज कळतं ते मुख्यतः विरोधकांनी खंडनाआधी मांडून ठेवलं म्हणून. तूही विरोधकाची बाजू अशी मांड, की त्यानंच म्हणावं, 'हो, मला हेच म्हणायचं होतं.'

पऱ्हाटी (अमरावती, एम.ए.):
पानं मोजू नको. एडमंड गेटियर या अमेरिकी तत्त्वज्ञाचा १९६३ चा लेख जेमतेम तीन पानांचा. 'खरा आणि सकारण विश्वास म्हणजे ज्ञान' या व्याख्येला त्यानं दोन उदाहरणांत हादरा दिला.

उदाहरण तुझंच दे. मी लिहिलं होतं : दुरून बुजगावणं दिसलं, वाटलं बाबा वावरात आहेत. बाबा खरंच वावरात होते, पण तुरीच्या आड, मला दिसलेच नव्हते. माझं मानणं खरं, त्याला कारणही होतं. तरी मला ते 'माहीत होतं' म्हणायचं का? पण यातून काय निघतं ते मी लिहिलंच नाही, मार्क तिथेच गेले. तू ते लिही.

धुऱ्यावरची:
माझी आजी आभाळ पाहून पाऊस सांगते, कारण मात्र सांगता येत नाही तिला. 'कारण सांगता आलं नाही तरी ते ज्ञानच', हे विधान धरू का?

निवृत्त मास्तर:
धर! पूर्वपक्षही घरातच आहे : आजीचा अंदाज चुकला, ते दिवस कोणी मोजले? उत्तर अर्धवट जमलं तर अर्धवट जमलं असंच लिही, झाकू नको. आणि 'ज्ञान' शब्द ज्या अर्थानं सुरू करशील, तोच शेवटपर्यंत ठेव.

धुऱ्यावरची:
आज सांजच्याला आजीलाच विचारते, चुकलेले दिवस आठवतात का म्हणून.