वाकलेला लेग गार्ड तापवून सरळ करणे ही काटकसर नव्हे

रानवाट:
"जुन्या रॉयल एनफिल्ड थंडरबर्डचा लेग गार्ड (पायांपुढचा पोलादी पाइप) वाकला तर वेल्डरकडून तापवून सरळ करून घ्यावा, नवा घेणे म्हणजे पैसे पाण्यात," हा इथला सल्ला वाचून राहवले नाही. पाइप जिथे दुमडून चपटा झाला, तिथे त्याची गोलाई पूर्ववत होत नाही. ज्योतीने क्रोम जळतो, गंज धरतो आणि पुढच्या वेळी गार्ड नेमका तिथेच दुमडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गार्डचा बोल्ट इंजिनाच्या माउंटिंगमधून जात असेल तर धक्का चॅसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, पोहोचलेला असतो. म्हणून गार्ड उतरवल्यावर चॅसीवरच्या वेल्डच्या कडेने रंगाला तडा गेला आहे का ते पाहावे, इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावावा, बोल्ट एकेक करूनच काढावेत आणि ताणलेला बोल्ट परत न वापरता त्याच मापाचा, निदान 8.8 ग्रेडचा (ही बोल्टच्या ताकदीची श्रेणी) नवा घालावा.

लोखंडी_घोडा:
रानवाटसाहेब, आपला उपदेश शोरूमच्या काउंटरवर उभे राहून करावा. थंडरबर्ड 2020 मध्ये बंद झाली. मूळ गार्ड मागितला की "ऑर्डर टाका" हे एकच उत्तर मिळते, आणि बाजारात जे मिळते ते बोटाने दाबले तरी चेपेल असे असते. माझा गार्ड भोसरीच्या वेल्डरने सरळ केला आणि आत सळई घालून असा भक्कम केला आहे की आता ट्रक आला तरी हलणार नाही.

रानवाट:
तो हलणार नाही हेच तर दुखणे आहे. गार्डने वाकून धक्का पोटात घ्यायचा असतो. तो वाकला नाही तर चॅसी वाकते, आणि चॅसी काही भोसरीत तापवून मिळत नाही.

सायलेन्सर:
मुळात गार्ड हवाच कशाला? डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने क्रॅश गार्डविरुद्ध राज्यांना पत्र पाठवले होते. शिवाय लॉस एंजेलिसमधील दुचाकींच्या 900 अपघातांची प्रत्यक्ष पाहणी करून 1981 मध्ये निघालेल्या हर्ट अहवालाचा निष्कर्ष असा की, क्रॅश बारमुळे, म्हणजे अशाच गार्डमुळे, घोट्याच्या दुखापती जितक्या कमी होतात, तितक्याच गुडघ्याच्या आणि मांडीच्या वाढतात.

घाटपांडी:
ते पत्र गाजले मोटारींच्या तोंडावरच्या बुल बारवरून. दुचाकीचे गार्ड तर कंपन्या स्वतःच विकतात. आणि त्या 900 अपघातांत वळणावरची खडी, रस्त्यात बसलेली म्हैस आणि न बघता मागे येणारा टेम्पो किती होते, हेही सांगावे. वरंधा घाटात माझी गाडी आडवी झाली, तेव्हा तिच्याखाली सापडलेला पाय गार्डमुळेच शाबूत राहिला. अहवाल आपल्याजवळ ठेवा, पाय माझ्याजवळ राहू द्या.

सायलेन्सर:
आपला पाय वाचला याचा आनंदच आहे, परंतु एका पायावर सिद्धांत उभा राहत नाही. संथ गतीने आडवी पडलेली गाडी आणि समोरून बसलेली धडक यांत फरक असतो, एवढे तरी मान्य कराल?

घाटपांडी:
करतो. आपणही मान्य करा की आपल्याकडे गाडी बहुतेक वेळा आडवीच पडते, तीही पेट्रोल पंपावर, चार माणसांदेखत.

लोखंडी_घोडा:
विषय माझ्या गार्डचा होता, याची कोणाला आठवण असेल तर कळवतो: बोल्ट नवे घालीन आणि आतली सळईही काढीन, कारण तिच्या वजनाने क्लॅम्प सैल होऊ लागला आहे. गार्ड मात्र तोच राहील. रानवाटसाहेबांनी मूळ गार्ड मिळवून दिला, तर रोख पैसे आणि वर मिसळ देईन.