सुट्टीच्या दिवसांत रामटेकच्या गडावर गाड्या बंद करायच्या का?

इतवारीवाला
मागच्या नाताळच्या सुट्टीत आम्ही ९ जण दोन गाड्यांत रामटेकला, गडावरच्या राममंदिरात गेलो. नागपूरहून मनसरपर्यंत तासाभरात पोचलो, तिथून गावात शिरायलाही काही त्रास नाही, आणि मग गडाच्या चढावर जे अडकलो ते दीड तास. पुढे गाडी, मागे गाडी, मध्येच कोणीतरी वळवायला गेला आणि आडवा झाला, हॉर्न, पोरं रडतायत, क्लच जळल्याचा वास. वर पोचल्यावर पार्किंगमध्ये परत तेच. दर्शन १५ मिनिटांत उरकलं, वऱ्हांड्यात बसून सांबारवडी खावी म्हटलं तर माकडानं पुडकंच पळवलं, आणि परत रांगेत खाली.

तर माझं म्हणणं सरळ आहे. आवळा नवमीपासून संक्रांतीपर्यंत, सगळे शनिवार-रविवार आणि २५ डिसेंबर ते १ जानेवारी, गडावर खाजगी गाड्या बंद. म्हाताऱ्यांसाठी, ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी छोट्या बॅटरीच्या गाड्या ठेवा, बाकीच्यांनी पायऱ्या चढा. अंबाळा तलावाकडून पायऱ्या आहेत, गावाकडून आहेत, भोसल्यांच्या काळापासून लोक चढतायत. आणि गाडीनं गेलं की बघायचं तेच राहून जातं. वराह दरवाजा, सिंगपूर, भैरव, गोकुळ असे एकामागून एक दरवाजे ओलांडत जायची मजा आहे, तो भलामोठा वराह, त्याच्या पोटाखालून सरपटत जाणारी पोरं. मुख्य मंदिराच्या खालच्या अंगाला केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह आहेत, पाचव्या शतकातले, १,५०० वर्षं जुने, आणि आपले लोक काच वर करून गाणी ऐकत पुढे निघून जातात. कालिदासानं जिथं मेघदूत लिहिलं तिथं आपण क्लच जाळतोय राव.

बोला आता.

बर्डी_साडेपाच
तुम्ही ९ जण दोन गाड्यांत गेलात ना, मग त्या रांगेतल्या दोन गाड्या तुमच्याच होत्या. गर्दी म्हणजे नेहमी दुसरे लोक असतात का?

माझी आई ७४ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेले. ती वर्षातून एकदा गडावर जाते, तेही सुट्टीतच, कारण मला आणि भावाला सुट्टी तेव्हाच असते. तुम्ही म्हणाल बॅटरीची गाडी आहे. ती गाडी किती माणसं नेणार, ६? ८? ३१ डिसेंबरला तिथं दोनेकशे म्हातारे उन्हात उभे असतील आणि कोण खरा म्हातारा हे ठरवायला एक पोरगा शिट्टी घेऊन. देवदर्शनाला फिटनेस टेस्ट लावू नका. ज्यांना पायऱ्या चढायच्यात त्यांना आजही कोणी अडवलेलं नाहीये, चढा की.

खिंडसी_बोट
गडावर जातंय कोण, सरळ खिंडसी तलावावर जा, बोटिंग करा, जेवा, घरी या.

अंबाळ्याच्या_काठी
मी रामटेकचाच हाय, म्हणून बोलतो, राग नका मानू.

भाऊ, तुमची आयडिया आयकाले चांगली वाटते. पण गडावर गाड्या बंद केल्या म्हणजे त्या जातीन कुठं? खाली राहीन ना! खाली म्हणजे आमच्या दारात. गावाची वस्ती २०-२२ हजाराची, गल्ल्या जुन्या, एक बैलबंडी आली तं दुसरीले थांबा लागे अशा बनवलेल्या. तुमी गाडी लावून तीन घंटे पायऱ्या चढसान, कालिदास पाहसान, अन् माया दारात गाडी. मागच्या वर्षी शेजारच्या बाईले रात्री दवाखान्यात न्याचं होतं तं एका पांढऱ्या गाडीचा मालक सापडे नाही. सापडला तं म्हणते, दोन मिनटं, फोटो काढून राहिलो.

दुसरं. माया आज्याचं दुकान पायऱ्यावर होतं. फुलं, नारळ, लाह्या, फुटाणे, पोराइले फुगे. गाड्या वर जायला लागल्या तसं ते दुकान बसलं, कोणाची चूक नाही, गिऱ्हाईकच त्या वाटेनं येईना. आता मी वर गाड्या थांबतात तिथं बसतो. तुमी गाड्या बंद केल्या तं मले परत खाली याचं, अन् खालच्याइनं म्हणाचं हा कोण आला. तर बंद करा म्हणाले सोपं हाय, जे पोट भरून राहिले त्याइचं कुठं मांडता ते सांगा आधी.

अन् एक सांगू का, राजेहो, तुमचा सीजन म्हणजे डिसेंबर. आमचा सीजन म्हणजे कार्तिक. आवळा नवमीले आवळीखाली डबे सुटतात, वैकुंठ चतुर्दशीले शोभायात्रा निघते, झाक्या राहतात, अन् टिपूर पौर्णिमेले, म्हणजे तुमच्या त्रिपुरी पौर्णिमेले, रात्री गडावर टिपूर जळते ते पाहाले खेड्यापाड्यातून माणूस येते. ते लोक गाडीनं येत नाही. एसटीनं, ट्रॅक्टरनं, पायी. त्याइच्यानं आमाले तरास नाही होत असं नाही, होते, पण ते आपले वाटतात. नाताळात जे येतात ते गडाले गार्डन समजतात.

जुनी_नाणी
रामटेकच्या भाऊंचं बरोबर आहे. मी फक्त इतवारीवाल्यांची एक गोष्ट दुरुस्त करतो, कारण अशीच वाक्यं पुढे बोर्डावर चढतात.

कालिदासानं मेघदूत रामटेकला लिहिलं असा पुरावा नाही. मेघदूतातला यक्ष रामगिरीच्या आश्रमात राहतो, आणि ते रामगिरी म्हणजे रामटेक हे आपल्या नागपूरच्या संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं, भक्कम मांडलं. पण छत्तीसगडमधल्या सरगुजातल्या रामगढवाल्यांचाही दावा आहे. मला स्वतःला मिराशींचं पटतं, कारण इथल्या जुन्या वाकाटक राजघराण्याची राणी प्रभावतीगुप्ता, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, हिच्या ताम्रपटात रामगिरीस्वामींचा, म्हणजे रामगिरीवरच्या देवाचा, उल्लेख येतो. रामटेकजवळच्या नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही सापडली, म्हणजे ही बाई इथंच कुठं वावरत होती. नवरा लवकर गेला, मुलं लहान, हिनं कारभार चालवला. आपल्याकडे तिच्याबद्दल शाळेत दोन ओळी असतात.

आता मुद्दा. मला गाड्यांपेक्षा आवाजाची जास्त भीती वाटते. सुट्टीचे दिवस आले की कोणाच्या तरी डोक्यात येतं की गडावर रोषणाई करू, लेझर करू, साउंड लावू. केवल नरसिंहाच्या भिंतीत वाकाटक काळातला शिलालेख आहे, आधीच झिजलेला. तिथं शेजारी जनरेटर आणि ढोल. महोत्सव करायचा तर खाली मैदानात करा ना, गावालाही धंदा मिळेल. आणि गडावरून ओझं कमी करायचंय तर लोकांना मनसर दाखवा. तुमची गाडी मनसरवरूनच वळते. तिथं टेकडीवर विटांची अख्खी वास्तू उघडी पडलीये, तिथं सापडलेली शिवाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि नाताळात तिथं चिटपाखरू नसतं. किंवा नगरधनचा किल्ला घ्या, पोरांना पळायला मोकळी जागा.

खिंडसी_बोट
एवढं वाचून आता मला भूक लागली. पण खरं सांगा, सुट्टीत बायकापोरांना विटा दाखवायला नेलं तर घरात घेतील का?

इतवारीवाला
@जुनी_नाणी मेघदूताचं मान्य, लिहिताना वाहवलो.

@बर्डी_साडेपाच हो, त्यात दोन गाड्या आमच्या होत्या, म्हणूनच तर लिहिलं. नियम नसेल तर मीही गाडीच नेणार, मी काही संत नाहीये. शेजाऱ्यानं नेली, मी नेली, साल्यानं नेली. म्हणून सगळ्यांना एकदम बंद म्हणतोय.

@अंबाळ्याच्या_काठी पार्किंग गावात नकोच. गावाच्या बाहेर, मनसरकडून येताना मोकळी जागा घ्यावी आणि तिथून बस. नाहीतर रेल्वे आहेच की. इतवारीहून पॅसेंजर, कामठी, कन्हान करत रामटेकला शेवटचं स्टेशन. सुट्टीच्या दिवसांत दोन फेऱ्या वाढवल्या तर निम्म्या गाड्या येणारच नाहीत.

डबेवाली_नवमी
रेल्वेनं मी गेलेय, दोनदा. जाताना छान वाटतं, परत येताना वेळ जुळत नाही. गाडी निघून गेलेली असते आणि मग बसस्टँडवर उभं राहा. त्यात स्टेशनपासून गड काही शेजारी नाही, ऑटो करावाच लागतो आणि सुट्टीत ऑटोवाला सांगेल तो भाव.

पण मला वेगळंच बोलायचंय. तुम्ही सगळे पायऱ्या पायऱ्या करताय, तुमच्यापैकी किती जण नऊवारी साडीतल्या आजीला किंवा ३ वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन चढलेत? मी चढलेय. बाईमाणसाला वाटेत जायला स्वच्छ जागा लागते. मी गेले तेव्हा जी होती तिचं दार लागत नव्हतं. हिवाळ्यात साडेपाचला उजेड कमी होतो, सहाला अंधार, आणि मी उतरत होते त्या पायऱ्यांवर मध्ये मध्ये दिवाच नव्हता, बाजूला चार टवाळ पोरं बसलेली. त्या दिवशी मला वाटलं की गाडीनं आलो असतो तर बरं झालं असतं. तर आधी दिवे लावा, पाणी ठेवा, दार लागेल असं संडास बांधा, मग गाड्या बंद करा. उलट केलंत तर गडावर फक्त तरणे पुरुष दिसतील, सेल्फी काढताना.

बर्डी_साडेपाच
डबेवाली बाईंना १०० पैकी १००.

जुनी_नाणी
डबेवाली, तुमचं पटलं. मी नेहमी सकाळी ७ ला चढतो, एकटाच, त्यामुळे हे कधी डोक्यातच आलं नाही.

अंबाळ्याच्या_काठी
ताईचं बराबर हाय. अन् टवाळ पोरं आमच्याच गावची असतीन तर मले आधी लाज वाटते, पण डिसेंबरात अर्धी तुमच्या नागपूरचीच राहते.

इतवारीवाले भाऊ, गावाबाहेर मोकळी जागा म्हणजे कोणाची जागा? ते वावर हाय कोणाचं तरी. कुठं धान, कुठं पानमळा. पानमळा माहीत हाय ना, रामटेकचं पान तुमी नागपुरात खाता ते. त्याच्या बाजूले २०० गाड्या उभ्या करून धूळ उडवली तं पानमळेवाला बरई काय म्हणन?

इतवारीवाला
बरं, मग मी माझं म्हणणं थोडं खाली आणतो. संक्रांतीपर्यंत नको, फक्त २५ डिसेंबर ते १ जानेवारी, सकाळी १० ते संध्याकाळी ५. ७० च्या वरच्यांची गाडी सोडा, पण गाडीत म्हातारा एक आणि तरणे सहा असं चालणार नाही, तरण्यांनी उतरायचं.

बर्डी_साडेपाच
म्हणजे माझी आई माझ्या गाडीची पास झाली. सांगते तिला.

सांगितलं. ती म्हणे, डिसेंबरात मला न्यायचंच कशाला, टिपूर बघायला न्या, लहानपणी बैलबंडीत झोपून जायचो आणि रात्री उठवायचे. वर नाही नेलं तरी चालेल, अंबाळ्यावर बसते, वर माकडं डबा नेतात.

मी मात्र अजून विरोधातच आहे. आई हो म्हणाली म्हणून नियम बरोबर होत नाही, सगळ्यांच्या आया एवढ्या समजूतदार नसतात.

खिंडसी_बोट
तिच्यासाठी डब्यात पुडाची वडी घ्या, आणि मलाही कळवा.

अंबाळ्याच्या_काठी
आजीले आणा, टिपूरच्या दिवशी मी दुकान पोरावर सोडून येतो, अंबाळ्यावर सतरंजी टाकून देतो. दुपारी चारच्या आधी या, मग रस्ता जाम होते.

इतवारीवाले भाऊ, ते सकाळी १० ते ५ ठीक हाय. पण वावराचं नाही सांगितलं तुमी अजून. अन् दुचाकीचं काय? गडावर सगळ्यात जास्त त्याच राहतात, तुमच्या नियमात त्या हायेच नाही.