थिवी (गोवा) ते बडोदा: आईला जिना चढवत नाही, मुंबईत गाडी कशी बदलावी?

म्हापसा_खोर्ली

नमस्कार. चवथ आटोपली की आई-बाबांना बडोद्याला माझ्या धाकट्या बहिणीकडे पाठवायचं आहे. तिला तेव्हा आठवा महिना असेल. बाबा ७३ वर्षांचे, आई ६९. आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे. सपाट जागेवर काठी घेऊन शंभर-दीडशे पावलं चालते, पण जिना चढवत नाही आणि उतरताना त्याहून जास्त त्रास होतो. मोपाहून विमानाने न्यावं असं आधी ठरत होतं, पण मार्चमध्ये तिच्या कानाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी यंदा विमान नको म्हणून सांगितलं.

माझा बेत असा: संध्याकाळी थिवीहून कोकणकन्या, पहाटे दादर, तिथून टॅक्सीने मुंबई सेंट्रल आणि सकाळची अहमदाबाद शताब्दी. मध्ये कागदावर तासभर मिळतो. मला रजा मिळणार नाही, त्यामुळे दोघंच जातील. दोन बॅगा आहेत, शिवाय आईची सोलं (आमसुलं), नारळ आणि नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा. बहिणीला डोहाळे याच गोष्टींचे लागलेत, त्यामुळे ते सामान कमी होणार नाही.

व्हीलचेअरसाठी कुणाला आणि किती आधी सांगावं लागतं? कोकणकन्या उशिरा पोचली तर शताब्दीच्या तिकिटाचे पैसे बुडतात का?

रोजचा_करमळीकर

पैशांपुरतं सांगतो. एप्रिल २०१९ पासून दोन तिकिटांचे पीएनआर (तिकिटावरचे आरक्षण क्रमांक) एकमेकांना जोडता येतात. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचं पूर्ण भाडं रद्द शुल्क न कापता परत मिळतं. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची माहिती तंतोतंत तीच हवी. एकावर आडनाव पूर्ण आणि दुसरीवर नुसतं आद्याक्षर, असं करू नका. पहिली गाडी जिथे सोडायची आणि दुसरी जिथे धरायची ती स्थानकं एकच, किंवा रेल्वेने एका गटात धरलेली असावी लागतात. खिडकीवरचं तिकीट असेल तर पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांत ते खिडकीवर परत करायचं, ऑनलाइन असेल तर तेवढ्याच वेळात टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरायचा. बाबांना फोनवर ते जमत नसेल तर लॉगिन तुमच्याकडे ठेवा आणि त्या सकाळी जागं राहा.

वाळवंटीकाठची

बाय, पैसे परत मिळतील, पण हा बेत कृपा करून बदल. माझे दीर बडोद्याला असतात. मी सासूबाईंना साखळीहून तिकडे नेण्या-आणण्याचं काम सहा वर्षं केलं आहे, म्हणून कळकळीने लिहिते.

वेळापत्रकातला तासभर हा धडधाकट माणसाचा असतो. तुझ्या आईचा हिशेब वेगळा. सगळे उतरून दार मोकळं झाल्याशिवाय तिला उतरता येणार नाही. मग खुर्ची येईपर्यंत थांबायचं, फलाटावरून बाहेर पडायचं, टॅक्सीत बसवायचं, मुंबई सेंट्रलला पुन्हा खुर्ची शोधायची. आणि रात्रभराच्या प्रवासानंतर बाईमाणसाला स्वच्छतागृहात जायचं असतं, त्याची वेळ कुणीच धरत नाही. माझ्या सासूबाई गाडी बदलायच्या धास्तीने आदल्या दुपारपासून पाणी प्यायच्या बंद होत. मला हे तिसऱ्या खेपेला कळलं, तेही बडोद्याला पोचल्यावर त्यांना चक्कर आली तेव्हा.

शिवाय चवथीनंतर म्हणजे पावसाळी वेळापत्रक चालू असणार. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. या काळात गाड्या आधीच हळू धावतात. पावसाने पुढचं दिसेनासं झालं तर चालकाला वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायची सूचना असते. आपला मार्ग अजून बहुतेक एकेरी आहे. रोहा ते वीर एवढंच २०२१ मध्ये दुहेरी झालं. एक गाडी रखडली की समोरून येणाऱ्या गाड्या क्रॉसिंगसाठी कुठल्या तरी स्थानकात उभ्या राहतात. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरलं तेव्हा गाड्या रद्द झाल्या, काही दुसरीकडून वळवल्या. दरवेळी तसं होणार नाही, पण तासाभराच्या भरवशावर दोन म्हाताऱ्या माणसांना पाठवू नकोस.

मुंबईत उतरायचंच कशाला? केरळहून गुजरातला जाणाऱ्या गाड्या कोकण रेल्वेने येतात आणि पनवेल, वसई रोड करून थेट बडोद्याला जातात. एर्नाकुलम–ओखा, तिरुवनंतपुरम–वेरावळ, नागरकोइल–गांधीधाम, अशा आहेत. रोज नाहीत, ठरलेल्या वारी असतात, तेव्हा आधी गाडीचा वार बघ आणि मग निघायचा दिवस ठरव. आपण नेमकं उलटं करतो. तास जास्त लागतात, पण आई एकदा बसली की एकदाच उतरेल.

आणि ही गाडी थिवीला नको, मडगावला धरा. म्हापशाहून मडगाव लांब पडतं, पाऊस असला तर दोन तास धर, पण थिवीला गाड्या दोन-तीन मिनिटं थांबतात. तेवढ्यात आई, काठी, दोन बॅगा आणि नारळ वर चढवायचे म्हणजे बाबांची तारांबळ. मडगावला गाडी त्यापेक्षा निवांत थांबते.

आता खुर्चीचं. स्थानकावर खुर्चीला पैसे पडत नाहीत. ढकलायला हमाल घेतला तर त्याचे पडतात, दर फलकावर लिहिलेला असतो, तो आधी वाचून घ्यायचा. निघायच्या आदल्या दिवशी १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावर फोन करून पीएनआर, डबा आणि ‘चढायला मडगाव, उतरायला बडोदा’ एवढं सांग. रेल मदद ॲपवरही नोंद करता येते. पण फोन केला म्हणजे काम झालं असं समजू नकोस. मी दरवेळी तासभर आधी पोचून स्वतः स्टेशन मास्तरांच्या खोलीत जायची. तिथे वहीत नाव लिहून घेतात, बहुधा ओळखपत्र ठेवून घेतात, खुर्ची परत दिली की ते मिळतं. मूळ ओळखपत्राची बाबांना गाडीत गरज लागेल, म्हणून ते परत घ्यायला विसरू नका असं त्यांना लिहून दे. तोंडी सांगितलेलं त्या गडबडीत राहून जातं.

एकदा एका स्थानकावर खुर्ची होती, पण कुलूपबंद खोलीत, आणि किल्ली ज्याच्याकडे तो पाळी संपवून घरी गेलेला. सासूबाई पाऊण तास सिमेंटच्या बाकावर बसल्या होत्या, पाऊस आडवा येत होता. शेवटी पार्सलच्या कामावरचा एक मुलगा सामानाची हातगाडी घेऊन आला, त्यावर पोतं घातलं आणि त्यांना हळूहळू बाहेर आणलं. त्याने पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून मी हलकं घडीचं स्टूल जवळ ठेवते. बसायलाही होतं आणि डब्याच्या पहिल्या पायरीखाली ठेवलं की चढायलाही होतं. खुर्ची डब्याच्या दारापर्यंतच येते, पुढच्या पायऱ्या आपल्याच असतात. आईला एक हात दांडीला आणि एक बाबांच्या खांद्यावर, अशी घरी सवय करून घ्यायला लाव.

दुसऱ्या फलाटावर जायचं असेल तर लिफ्टने की फलाटाच्या टोकाच्या वाटेने, ते तिथल्या कर्मचाऱ्याला ठरवू दे. रुळांवरची ती वाट कर्मचारी बरोबर नसताना धरायची नाही. बाबांना हे नीट समजावून सांग.

वसईकर_मूळचा_वेंगुर्ल्याचा

थेट गाडीत खालचे बर्थ मिळाले नाहीत तर आणखी एक वाट आहे. २०२४ मध्ये सुरू झालेली मडगाव–वांद्रे टर्मिनस, आठवड्यातून दोनदा, वसई रोडवरून जाते. ही थिवीलाही थांबते. बोरिवलीला उतरलं तर गुजरातची गाडी तिथेच मिळते, दादरची भानगड टळते.

दादरला उतरायची वेळ आलीच तर एक ध्यानात ठेवा. डिसेंबर २०२३ पासून तिथले फलाट सलग क्रमांकाचे झालेत. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४. जुन्या आठवणीने ‘पाच नंबर’ म्हणून बाबा हमालाला सांगतील आणि भलतीकडे पोचतील.

वाळवंटीकाठची

वसईकरांची वाट चांगली आहे, पण ती गाडी रात्री पोचते. म्हणजे मध्यरात्री फलाटावर दोघंच. बरोबर तरुण माणूस असेल तरच ती घे. नाहीतर थेट गाडीची तारीख पुढे-मागे कर.

बर्थबद्दल लिहायचं राहिलं. दोघांचंच तिकीट काढ, आणि आरक्षण करताना ज्येष्ठ नागरिकांचा खालच्या बर्थचा कोटा निवड. तो एकट्या किंवा दोन प्रवाशांच्या तिकिटालाच चालतो. तू पोचवायला म्हणून तिसरं नाव घातलंस तर हा कोटा गेला. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. वरचा बर्थ आलाच तर गाडीत टीसींना सांगायचं, खालचा रिकामा राहिला असेल तर ते ज्येष्ठांना देतात. वयाची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, बाबा विचारतील म्हणून सांगते.

म्हापसा_खोर्ली

मनापासून आभार. पाण्याचं वाचून मी आईला विचारलं. ती आधी काही बोललीच नाही, मग म्हणाली, ‘मी रात्री नुसतं तोंड ओलं करणार होते.’ हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता पश्चिमी पद्धतीचं स्वच्छतागृह जवळ पडेल असा डबा मिळतो का, तेही बघते.

एक शंका: बडोद्याला गाडी पहाटे पोचली तर? बहिणीला स्थानकावर येता येणार नाही, जावई येतील.

दांडियाबाजार_बडोदा

मी इथेच राहतो. जावयांना फक्त डबा क्रमांक देऊन भागणार नाही. गाडीच्या डब्यांचा क्रम आदल्या रात्री बघून तो पुढे येतो की मागे, ते त्यांना कळवा. फलाट लांब आहे, आणि आई दारात उभी असताना जावई दुसऱ्या टोकाला धावत असतील तर सगळीच फजिती. फलाटाचं तिकीट काढून त्यांनी अर्धा तास आधी स्टेशन मास्तरांकडून खुर्ची घ्यावी आणि डबा येईल त्या जागी उभं राहावं. स्थानकाला सयाजीगंज आणि अलकापुरी अशा दोन्ही बाजूंना दारं आहेत. गाडी कुठल्या फलाटावर येते ते कळल्यावर मोटार कुठे लावायची ते ठरवा, आधी नको.

पहाटेची गाडी असेल तर बाबांनी सुरत सुटली की उठावं, गजर लावून. सुरत ते बडोदा एवढा वेळ आईला उठून आवरायला, चपला घालून दाराजवळच्या बाकावर येऊन बसायला पुरतो. अंकलेश्वर गेलं की घाईला लागतात बरेच जण, तसं नको.

आणि सोलं-नारळ जरूर पाठवा. कोकणातली चांगली सोलं इथे शोधावी लागतात, मी दरवर्षी शोधतो.

म्हापसा_खोर्ली

तिकीट काढलं. मडगावहून थेट गाडी, दोन्ही बर्थ खालचे. तारीख चार दिवस पुढे गेली, बहीण म्हणाली चालेल. मडगावपर्यंत पोचवायला मी अर्धा दिवस रजा टाकली आहे, स्टेशन मास्तरांकडे मीच जाईन. बाबांसाठी मोठ्या अक्षरांत एक कागद लिहिला: डबा, बर्थ, १३९, जावयांचा नंबर, ‘ओळखपत्र परत घ्या’, ‘सुरतेला उठा’. आईने त्याखाली आपल्या हाताने लिहिलं, ‘नेवऱ्यांचा डबा वरच्या बाजूला’.

घडीचं स्टूल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघते. वाळवंटीकाठच्या ताई, तुमच्या स्टुलाची उंची किती आहे तेवढी सांगाल का?

वाळवंटीकाठची

मोजून सांगते, नऊ इंच. त्याहून उंच घेऊ नकोस, आईचा गुडघा तेवढा वाकणार नाही. पायांना रबराच्या टोप्या असलेलं बघ, ओल्या फलाटावर सरकत नाही. आणि घेण्याआधी बाबांना त्यावर उभं करून बघ.