जंगलात जाताना चाकू कोणता नेता? अनुभव लिहा

मंडळी, पावसाळी जंगलात तंबू टाकून राहायचा बेत ठरलाय आणि ग्रुपमधे सध्या एकच वाद चालू आहे, चाकू कोणता न्यायचा. एकाला हातभर लांब कोयता हवाय, दुसरा म्हणतो मल्टिटूल (पक्कड, छोटं पातं वगैरे एकत्र असलेलं घडीचं अवजार) पुरे. व्हिडिओ बघून बघून डोकं भंजाळलंय. नुसती कंपन्यांची नावं टाकू नका, प्रत्यक्ष वापरताना काय झालं ते लिहा.

---

लांबीच्या नादी लागू नका. दिवसभरात चाकूला कामं काय पडतात, दोरी कापणं, खुंट्यांना टोक काढणं, ओल्या काटकीची साल तासून आतलं कोरडं लाकूड ढलप्या ढलप्यांनी मोकळं करणं, बास. त्याला दहा सेंटिमीटरचं न मिटणारं पातं भरपूर झालं. मी ‘मोरा’ कंपनीचा ‘कंपॅनियन’ चाकू नेतो, मूठ रबरी आहे, ओल्या हातातून सटकत नाही. हां, त्याचं पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं नाही, म्हणजे फुल टँग म्हणतात तो हा नव्हे, त्यामुळे पात्याच्या पाठीवर सोटा हाणून लाकूड फोडणार असाल तर दुसरा जाड बघा. पण मी म्हणतो फोडायचंच कशाला? मनगटाएवढी वाळकी फांदी दोन झाडांच्या फटीत अडकवून रेटली की मोडते.

---

+१. फक्त कार्बन स्टील की स्टेनलेस ते आधी ठरवा. कोरड्या हवेत हा वाद गप्पांपुरता, दमट जंगलात खरा. माझी कार्बनची सुरी फळ कापून तशीच म्यानात गेली तर सकाळी पात्यावर तांबूस ठिपके हजर. धार मात्र काय लागते, निसण्यावर थोडे हात फिरवले की कागद उभा चिरते, म्हणून सोडवत नाही. स्टेनलेसमधे क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर असतं त्यामुळे गंज उशिरा धरतो, धरतच नाही असं नाही. आणि चामड्याचं म्यान नको, ओल धरून बसतं आणि पातं रात्रभर त्यातच. प्लॅस्टिकचं, खाली पाणी निथळायला भोक असलेलं घ्या. रात्री पुसून खायच्या तेलाचं बोट फिरवायचं, झालं.

---

मिटणाऱ्या चाकूबद्दल कुणीच बोलेना म्हणून लिहिते. माझा ओपिनेल कंपनीचा आठ नंबर, वजनाला काहीच नाही, पातं साडेआठ सेंमी, आणि मानेशी ते फिरवायचं कडं आहे (हे १९५५ साली आलं) त्यामुळे वापरताना बोटावर मिटत नाही. पण लाकडी मूठ पावसात ओल पिऊन फुगते आणि पातं आत घट्ट बसतं, नखाने ओढून नख तुटेल पण पातं नाही येणार. उपाय सोपा, मुठीचं मागचं टोक दगडावर ठक्कन आपटायचं, पातं थोडं वर येतं, मग धरून ओढायचं. चिखल बिजागरीत गेला तर मात्र पाण्याने धुण्याशिवाय इलाज नाही. एकटा हाच चाकू घेऊन मी जाणार नाही, जोडीला ठीक.

---

कोयतावाल्यांना उगाच हसू नका, वेलींच्या जाळीतून वाट काढायची असेल तर छोटी सुरी काय कामाची? पण त्यातही फरक असतो. मशेटी म्हणजे लांब, पातळ पात्याचा कोयता, हिरव्या वेली आणि गवत सपासप जातं, वाळकं लाकूड मारलं तर पातं थरथरतं आणि हाताला झिणझिण्या. पारंग (मलेशियाकडचा कोयता), खुकरी यांचं वजन पुढच्या बाजूला, ते लाकडासाठी, दिवसभर गवतावर चालवलं तर खांदा गेलाच. घाव आडवा घालायचा नाही, तिरका घालायचा, आणि आपला पाय त्याच रेषेत नाही ना ते बघून. वाकलेला बांबू किंवा ताणलेली फांदी तोडताना तर आधी ती सुटल्यावर कुठे उसळेल ते बघायचं, आमच्यातल्या एकाच्या कपाळावर असा फटका बसलाय. पुढचा माणूस चार-पाच पावलं लांब ठेवा. पात्याला खाचा पडल्या तर निसणा घासत बसू नका, छोटी कानस न्या, भराभर काम होतं.

---

ज्या सुरीच्या पोकळ मुठीत काड्या, गळ आणि होकायंत्र असतं ती घेऊ नका. माझी मुठीपाशी मोडली, होकायंत्र तेवढं शाबूत :) पाठीवरच्या करवतीच्या दात्यांनीही काही कापलं जात नाही.

---

माझं काम प्रथमोपचाराचं, म्हणून एवढंच सांगते की मांडीवर लाकूड ठेवून स्वतःकडे तासू नका. मांडीच्या आतल्या बाजूला मोठी रोहिणी असते, तिथे पातं घुसलं तर रक्त थांबवायला फार थोडा वेळ मिळतो. बसताना कोपरं गुडघ्यांवर टेकवा आणि लाकूड गुडघ्यांच्या पुढे धरा. दाबपट्टी सॅकच्या वरच्या कप्प्यात, सगळ्यांना माहीत असेल अशी. आणि बोथट पात्याने हात जास्त कापतो कारण जोर लावावा लागतो, सटकलं की संपलं.

---

सगळ्यांचे आभार, छोटी सुरी आणि ग्रुपमधे एकच मशेटी असं ठरतंय. विमानात कसं करता? आणि म्यान कमरेला लावलं की सॅकचा पट्टा बसत नाही, त्याचं काय?

---

विमानात हातातल्या बॅगेत अजिबात नाही, चेक-इनमधे, म्यानासकट कापडात गुंडाळून. राखीव जंगल असेल तर निघण्याआधी वनखात्याला विचारा, कोयता फाटकावरच ठेवून घेऊ शकतात. म्यान पट्ट्याच्या खाली लोंबेल असं लांब लूपचं मिळतं ते घ्या, बसताना बाजूला सरकतं. खांद्याच्या पट्ट्यावर उलटं लटकवायची फॅशन आहे, मी नाही करत, खटका ढिला झाला की पातं सरळ खाली येतं.