दोघंही उजवेच, मग अमेरिकेतले जुने कन्झर्व्हेटिव्ह निओकॉनवर एवढे का चिडतात?

पंचगंगा_काठ:
शिवाजी विद्यापीठात एमएला आहे, राज्यशास्त्र. आजवर रिपब्लिकन म्हणजे सगळे एकाच माळेचे मणी असं धरून चाललेलो, पण निओकॉननी, म्हणजे अमेरिकेनं ताकद वापरून बाहेर लोकशाही रुजवावी म्हणणाऱ्या उजव्यांनी, रेटलेल्या २००३ च्या इराक युद्धाला कडाडून विरोध करणाऱ्यात पॅट ब्युकॅनन पण निघाला, पक्का उजवा माणूस. भांडण नक्की कशाचं? सोप्यात सांगा कुणीतरी.

गुळव्याचा_नातू:
भावा, भांडण स्वभावाचं आहे. जुन्यांचं घराणं ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्कचं, १७९० ला फ्रेंच क्रांतीवर तुटून पडला तो. समाज कागदावर आखून उभा राहत नाही, पिढ्यान् पिढ्या मुरत येतो, हे त्यांचं म्हणणं. लेखक रसेल कर्क अमेरिकेत तेच सांगायचा आणि १९९१ च्या आखाती युद्धालाही त्याचा विरोधच होता. निओकॉनच्या पहिल्या पिढीतले बरेचजण डावीकडनं आलेले, अर्व्हिंग क्रिस्टल तर तरुणपणी ट्रॉट्स्कीवादी, म्हणजे जगभर क्रांती व्हावी म्हणणारा कम्युनिस्ट. जुने म्हणतात बाजू बदलली पण जग नव्यानं घडवायची खुमखुमी तीच.

माझा आज्जा गुळव्या होता. काहिलीतला पाक गार पाण्यात टाकायचा, बोटानं गोळी वळून बघायचा आणि मगच उतरवा म्हणायचा, कारण प्रत्येक रानातला ऊस वेगळा, रस वेगळा, वहीत बघून गूळ होत नाही. आणि इराकमध्ये काय केलं? मे २००३ मध्ये अमेरिकेनं नेमलेला प्रशासक पॉल ब्रेमर बगदादला उतरला, दोन आठवड्याच्या आत सद्दामच्या बाथ पक्षाची वरची माणसं नोकरीतनं काढली, आख्खं सैन्य मोडलं. हत्यार चालवता येणारी लाखो माणसं एका आदेशात बेकार. आग तिथनंच भडकली, मला तरी तसंच वाटतं.

करवीरची_लेक:
पटलं, पण अर्धंच. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी नोकरीत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखीव केल्या तेव्हा परंपरा परंपरा म्हणूनच लोक आडवे आलेले. सगळं आपोआप मुरायची वाट बघत बसलो असतो तर आमच्या घरात अजून कुणाला नोकरी लागली नसती.

गुळव्याचा_नातू:
ताई, हे शंभर टक्के मान्य, बर्कवाल्यांची हीच दुखरी जागा आहे. पण महाराज इथलेच, रयतेला ओळखणारे, नुसता हुकूम काढून थांबले नाहीत, वसतिगृहं काढली आणि १९२२ ला जाईपर्यंत त्याच कामात होते. परक्या मुलखात फौज घालून लोकशाही बसवणं आणि हे एका तागडीत कसं घालायचं?

पंचगंगा_काठ:
ताई, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. सेमिनारला ब्रेमरचे ते दोन आदेश आणि १९०२ चा हुकूम शेजारी शेजारी ठेवूनच बोलतो आता.