पेले, मॅराडोना की मेस्सी? क्रम लावताच येत नाही, असं माझं मत

मोतीबाग_विंगर : नागपूर-कामठीत फुटबॉलचा विषय निघाला की गाडी या तिघांवर येतेच. माझं म्हणणं, पहिला-दुसरा ठरवताना आपण फक्त आपली आवड सांगत असतो. फिफाने २००० साली शतकातला सर्वोत्तम खेळाडू निवडायला घेतला. इंटरनेटवरच्या मतदानात मॅराडोना पहिला आला, तज्ज्ञांनी आणि फिफाच्या मासिकाच्या वाचकांनी पेलेला निवडलं. शेवटी पुरस्कार दोघांनाही द्यावा लागला. मत देणारे बदलले, उत्तर बदललं.

कामठी_बॅक : नाही पटलं दादा. सगळं आवडीवरच सोडाल तर बोलायचं तरी काय? पेलेकडे ३ वर्ल्ड कप आहेत : १९५८, १९६२, १९७०. दुसऱ्या एकाही खेळाडूकडे नाहीत. यात आवडीचा संबंध कुठे आला?

मोतीबाग_विंगर : १९६२ नीट बघ ना. पेले दुसऱ्याच मॅचमध्ये जखमी झाला, पुढे ब्राझीलला त्याच्या संघातल्या गारिंचाने तारलं. आणि डी स्टेफानो? रियल माद्रिदकडून सलग ५ युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा), पण वर्ल्ड कपची एकही मॅच नाही. तुझ्या मापाने तो बादच.

दहा_नंबर_फॅन : तुम्ही दोघं जुन्यातच अडकून राहिले. मेस्सीकडे ८ बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) आहेत, वर २०२२ चा वर्ल्ड कप. विषय संपला.

मोतीबाग_विंगर : नाही संपत. १९९४ पर्यंत बॅलन डी'ओर फक्त युरोपियन खेळाडूंनाच मिळायचा. पेले-मॅराडोना त्या शर्यतीत नव्हतेच, मग हा आकडा त्यांच्यासमोर ठेवायचा कसा?

जाफरनगर_गोली : मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तिघंही गोल करणारे! आजवर बॅलन डी'ओर मिळालेला गोलकीपर एकच, १९६३ चा याशिन. वाचवलेला गोल कोणी धरतच नाही.

कामठी_बॅक : गोलीभाऊंचं बरोबर आहे. पण दादा, काळ वेगळे म्हणून तुलनाच सोडायची, हे मला मान्य नाही. १९७० च्या आधी वर्ल्ड कपमध्ये पिवळं-लाल कार्ड नव्हतं, बदली खेळाडू नव्हता. १९६६ मध्ये पोर्तुगालने पेलेला अक्षरशः तुडवलं आणि तो लंगडत मैदानावर राहिला. ते आजच्याशी जोडू नका. पण एकाच काळातले, एकाच नियमांखाली खेळलेले तर तोलता येतात ना? १९७० ते १९९० ची माझी यादी घ्या : मॅराडोना, नेदरलँड्सचा क्रायफ, पश्चिम जर्मनीचा बेकेनबाउर. आवड म्हणून उडवू नका, खेळावरून खोडून दाखवा.