रोजच्या खर्चाला डेबिट कार्ड बंद करा, क्रेडिट कार्ड वापरा: माझं ठाम मत

धागाकर्ता, लातूर:
मागच्या दिवाळीआधी रात्री साडेअकराला माझ्या डेबिट कार्डावरून २३ हजार गेले. पगाराचं खातं तेच, घराचा हप्ताही त्याच खात्यातून. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, सकाळी बँकेत लेखी तक्रार दिली. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे: चूक आपलीही नाही, बँकेचीही नाही आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर आपली जबाबदारी शून्य, बँकेनं दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्याला जमा करायची. पैसे आलेही. पण तोवर हप्ता बाऊन्स झाला, दंड बसला आणि पोरीच्या क्लासची फी भरायला मेव्हण्यापुढं हात पसरावा लागला.

हेच क्रेडिट कार्डावर झालं असतं तर वाद बिलावर झाला असता, घरातला पैसा घरात राहिला असता. तेव्हापासून किराणा, पेट्रोल, औषधं सगळं क्रेडिटवर. पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळतं होतं. व्याज आजवर एक रुपया नाही.

किराणा दुकानदार, परभणी:
सर, तुमचा पगार एक तारखेला येतो म्हणून हे जमतं. माझं निम्मं गिऱ्हाईक शेतकरी आहे. जूनपासून वहीत मांडतात, सोयाबीन मोंढ्यावर गेलं, आडतीवरून विक्रीची पट्टी हातात आली की एकरकमी देतात. मी व्याज लावत नाही, कारण मला त्यांचं रान माहीत आहे. कार्डाला पाऊस लांबलेला कळत नाही. बिल निघालं की वीसेक दिवसांत पैसे भरा.

आणि नाही भरले तर? बँकेच्या कागदावर महिना साडेतीन टक्के लिहिलेलं असतं. आपल्या बोलीत साडेतीन रुपये शेकडा. गावात सावकारानं हा दर सांगितला तर माणूस पायरी उतरून परत येतो. कार्डावर तोच दर बारीक अक्षरात असतो म्हणून दिसत नाही. पूर्वी राष्ट्रीय ग्राहक आयोगानं वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती, तीही सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

धागाकर्ता:
दादा, हंगामी उत्पन्नावर कार्ड घेऊ नये, हे मला मान्य आहे. मी नोकरदारांबद्दल बोलतोय. ज्याला पूर्ण बिल भरता येतं त्यानं डेबिट कार्ड खिशात घेऊन फिरू नये, एवढंच.

शिक्षिका, नांदेड:
पूर्ण बिल भरायचं हे मीही ठरवलंच होतं. सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं त्या महिन्यात ४० हजारांचं बिल आलं आणि मी ‘किमान रक्कम’ म्हणून २,००० भरले. वाटलं, बाकीचं पुढच्या महिन्यात बघू. राहिले ३८ हजार. साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज १,३३०, त्यावर १८ टक्के जीएसटी २३९. वर, थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदतच नाही. त्या महिन्यात घेतलेल्या तेलाच्या डब्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज. सात महिने लागले त्यातून निघायला. पगारदारच आहे मी, सर.

२०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. ते जोडल्यावर तर चहासुद्धा उधारीवर व्हायला लागला. रोकड मोजताना हात आखडतो, स्कॅन करताना आखडत नाही.

तुमची अडचण मला कळते. पण तिला उपाय साधा आहे. दुसरं बचत खातं काढा, त्यात दर आठवड्याला चार-पाच हजार टाका आणि त्याचंच डेबिट कार्ड वापरा. चोरी झाली तर तेवढेच जातील, हप्त्याचं खातं सुरक्षित. त्यासाठी कर्ज कशाला काढायचं?

किराणा दुकानदार, परभणी:
ताईंचं शंभर टक्के खरं.

धागाकर्ता:
ताई, दुसऱ्या खात्याचा विचार मी केलाच नव्हता, तो चांगला आहे. आईचं पेन्शनचं खातं मी याच पद्धतीनं करून देणार आहे, तिला बिलाच्या तारखा सांभाळायला लावणं बरोबर नाही. पण माझं मत बदललेलं नाही. दवाखान्यात रात्री दोनला डिपॉझिट मागतात तेव्हा चार हजारांचं खातं कामाला येत नाही. त्या वेळी माझ्याकडं दीड लाखाची मर्यादा असते आणि पैशांची सोय करायला महिनाभर मिळतो.

शिक्षिका, नांदेड:
माझंही बिल दवाखान्याचंच होतं, सर. महिनाभरात सोय झाली नाही.